नंदी बोळातला कट्टा

झाडं तोडायला निघालेल्या माणसांशी माझं बरं जमतं. ते अर्ज घेऊन येतात, कारण सांगतात, कारण खोटं असलं तर दोन प्रश्नांत उघडे पडतात, आणि नियमात बसत नसलं की मी नाही म्हणून मोकळी होते. मला धास्ती वाटते ती झाडांवर जीव लावणाऱ्यांची. ते खोडाला खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावतात, मुळांत तेल ओततात, बुंध्याला ऑइलपेंट फासतात आणि वर हात जोडून उभे राहतात. हात जोडलेल्या माणसाला काय बोलणार?

मी तरी बोलते. मी पद्मजा, उद्यान खात्यात वृक्ष निरीक्षक. कुठलं झाड धोकादायक, कुठल्या फांदीला हात लावायचा आणि कुठल्या नाही, याची पाहणी करून अहवाल देणं हे माझं काम. सोलापूरच्या उन्हाळ्यात सावलीसाठी माणूस रस्ता ओलांडून पलीकडनं चालतो, आणि तरी माझ्या टेबलावर येणारा बहुतेक कागद सावली कमी करायचाच असतो. त्यामुळे तोंड जरा तिखट झालंय. माझ्या हाताखालचा नंदू म्हणतो, मॅडमचं बोलणं शेंगाचटणीसारखं आहे, खाताना कळत नाही, मग पाणी शोधावं लागतं. नंदू माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, म्हणून त्याला बोलू देते.

गुढीपाडवा होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा नंदी बोळातून अर्ज आला. अर्जदार देवदत्त, निवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर नेहमीचा. घरासमोरचा कडुनिंब वाळला असून तो घरावर पडण्याची दाट शक्यता आहे, तरी तोडण्यास परवानगी मिळावी. चैत्रात कडुनिंब वाळला हे वाचून मी अर्ज बाजूला न ठेवता उठले. चैत्रात कडुनिंब मोहरानं लदबदलेला असतो. आजारी असल्याशिवाय तो त्या दिवसांत उघडा राहत नाही.

नंदी बोळ ही जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली. एका टोकाला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या टोकाला पिंपळ आणि कडुनिंब, एकमेकांना लगटून वाढलेले. दोन्ही बुंध्यांना मिळून हळदीचा दोरा गुंडाळलेला होता. आपल्याकडची कन्नड घरं ही दोन झाडं शेजारी लावून त्यांचं लग्न लावतात, अगदी रीतसर, अक्षता टाकून, गल्लीला जेवण घालून. मूलबाळ नसलेल्या जोडप्याला वडीलधारे असं लग्न लावायला सांगत. पिंपळ नवरा, कडुनिंब नवरी. हे मला देवदत्त सरांनी सांगितलं, आणि सांगताना ते सारखे आपल्या पत्र्याकडे बघत होते. त्या पत्र्यावर आदल्या आठवड्यात एक फांदी पडली होती.

पिंपळ तांबूस कोवळ्या पानांनी झळकत होता. नवरीच्या मात्र एका अंगाला नुसत्या काटक्या होत्या.

खाली बघितलं आणि माझं डोकं तडकलं. कट्टा माझ्या छातीला लागत होता. बाजूंना शहाबादी फरशी, वर पांढऱ्या टाइल्स, आणि सिमेंट थेट सालीला भिडवलेलं, बोटभर फट नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पिंपळ चिवट, तो भिंतीतही उगवतो, त्याला काही फरक पडला नव्हता. कडुनिंब मात्र आत गुदमरत होता. दर्शनी फरशीवर अक्षरं कोरलेली होती, ‘शिवयोगी बिराजदार, गवंडी’.

मी मोजमाप घेत होते तेवढ्यात समोरच्या घरातून इरकल नेसलेली एक म्हातारी तांब्या घेऊन आली. आमच्याकडे न बघता ती कट्ट्याच्या पायऱ्या चढली आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी पाणी ओतलं. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत भरलेला तांब्या ओतणं म्हणजे काय, ते सोलापूरकरालाच कळेल. पाणी टाइल्सवर पसरलं, गोळा होत कोपऱ्याकडे निघालं, तिथं बसवलेल्या छोट्या पाइपातून खाली उतरलं आणि गटारात गेलं. उतार इतका अचूक काढलेला होता की वर एक थेंबही राहिला नाही.

“आजी, हे पाणी रोज घालता?”

“रोज की. लग्न लावलं तवापास्नं. पन्नास वर्सं हून गेली.”

“पाणी कुठं जातंय ते बघितलं का कधी?”

तिनं बघितलं. आधी टाइल्सकडे, मग पाइपाकडे, मग गटाराकडे. खरं तर मी तिथं थांबायला हवं होतं. पण प्रेमानं केलेली नासधूस बघितली की माझा तोल जातो.

“झाडाला गळ्यापर्यंत पुरलंय तुम्ही लोकांनी,” मी मोठ्यानं म्हणाले. “मुळांना पाणी नाही, हवा नाही. साल आतून कुजत असणार. खोडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडावी लागते, पक्कं बांधकाम चालत नाही. कुणी बांधलं हे?”

जमलेल्या लोकांनी फरशीवरच्या नावाकडे बोट केलं. नंदूनं वहीत नाव उतरवून घेतलं.

देवदत्त सर पुढं झाले. “म्हणजे तोडायची परवानगी मिळेल ना?”

“सर, पन्नाशीच्या पुढचं झाड कायद्यानं वारसा वृक्ष असतं. ते असं अर्जावर पडत नाही. झाडावर सूचना लावायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग वृक्ष प्राधिकरण ठरवणार. पडू शकतील अशा वाळक्या फांद्या मी लगेच काढून देते, तुमच्या पत्र्याला धोका नको. पण त्याआधी हा कट्टा निघायला हवा. कट्टा निघाला तर झाड कदाचित वाचेल. राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात तुमचा अर्ज मंजूर करण्याशिवाय माझ्या हातात काही उरणार नाही.”

“ब्याड,” म्हातारी म्हणाली. नको. मग मराठीत, अगदी शांतपणे, “कट्ट्याला हात लावायचं न्हाय.”

तिचं नाव बसव्वा. ती पायरीवर बसली ती आम्ही जाईपर्यंत उठली नाही. परतताना नंदू म्हणाला, म्हातारी खमकी आहे. मी म्हटलं, कायदा तिच्यापेक्षा खमका आहे. तेव्हा मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस तयार झाली. आमच्या नोटिशीचा मजकूर ठरलेला असतो, नंदू नाव आणि पत्ता घालतो, मी सही करते. त्यात लिहिलं होतं की आपण कडुनिंबाच्या खोडाभोवती पक्के बांधकाम करून झाडास इजा पोहोचवली आहे, सदर कृत्य अधिनियमातील व्याख्येनुसार झाड तोडणे यात मोडते, तरी ते बांधकाम आपण स्वतः काढून घ्यावे, अन्यथा खाते काढील. नंदूनं नावाच्या जागी कट्ट्यावरचं नाव घातलं होतं आणि पत्ता नुसता नंदी बोळ. श्री. शिवयोगी बिराजदार. बिराजदार कोण, कुठं असतात, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नोटीस पोचली त्याच्या पुढच्या सकाळी बसव्वा कार्यालयात आली. देवदत्त सर तिला स्कूटरवर बसवून घेऊन आले होते. आमच्या खात्यात म्हातारी माणसं आली की शिपाई त्यांना पेन्शनच्या खिडकीकडे पाठवतो. ही गेली नाही. सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि पदराच्या टोकात गुंडाळलेली नोटीस काढून टेबलावर ठेवली.

“म्याडम, ह्ये कुणाला ल्हिवलंय?”

मी वाचलं. “शिवयोगी बिराजदार.”

“माजे मालक. ते गेले कवाच.”

नंदूनं मान खाली घातली. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खात्यानं मेलेल्या माणसाला नोटीस काढली ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत फिरणार होती, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, त्याचं वाटत होतं.

“चूक झाली आजी. बसा आधी. नाव काढून टाकते.”

“नाव ऱ्हाऊ द्या. सरांनी मला समदं वाचून दावलं.” ती बसली नाही. “त्यांनी झाड तोडलं, असं ल्हिवलंय. ते खरं हाय का?”

अशा वेळी आम्ही सरकारी माणसं एक वाक्य वापरतो, ती नुसती भाषा असते, मनावर घेऊ नका. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिनं विचारलं होतं खरं आहे का, आणि तिला खोटं सांगायची माझी छाती झाली नाही.

“कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नाही, आजी. जाळणं, कापणं, किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं, या सगळ्याला तोडणंच म्हणतात.”

“पर त्यांनी तर जपायला बांधलं की.”

“कायदा ते विचारत नाही. झाडाला काय झालं एवढंच बघतो.”

“जीव लावून केलं तरी?”

“तरी,” मी म्हणाले.

देवदत्त सर खिडकीबाहेर बघायला लागले. बसव्वा आता खुर्चीवर बसली. नंदूनं पाणी आणून दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

“मूल न्हाई झालं आमाला,” ती म्हणाली. “सासूबाईनी झाडाचं लगीन लावा म्हणून सांगितलं. लावलं. तरी बी न्हाई झालं. मालक म्हनले, ऱ्हाऊ दे, ही नवरी आपल्याच घरची, आता हिलाच बघायचं. गवंडी होते ते. निम्म्या सोलापुरात त्यांच्या हाताच्या भिती हायत. कुटंच नाव न्हाई त्यांचं. गवंड्याचं नाव कोन घालतंय? म्हनून मग हितं कट्टा बांधला. दर साली झाडाच्या लग्नाच्या दिवशी एक थर वर घ्यायचे. मी माल कालवून द्यायची. वाऱ्यात हलंल नवरी, आधार पायजे म्हनायचे. शेवटाला टाइल्स घातल्या तवा हात थरथरत होता त्यांचा. तरी उतार बघा कसा काडलाय.”

“बघितला,” मी म्हणाले. “मी बघितलेला सगळ्यात चांगला उतार आहे तो.”

“त्यानंच पाणी गटारात जायाचं.”

“हो.”

तिनं हातातला पेला खाली ठेवला. “तुमी आला त्या दिवसापास्नं पाणी घातलं न्हाई मी. रोज तांब्या भरती, तितं जाऊन हुबी ऱ्हाती, अन् तसाच तांब्या घिऊन माघारी येती.”

कार्यालयात पंखा घरघरत होता. मला रडू येत होतं आणि मला कार्यालयात रडायला आवडत नाही, म्हणून मी उगाच नोटिशीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. मनात म्हटलं, आता ही म्हणेल कट्टा ठेवा, नवरीला जाऊ द्या. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. एका बाजूला नवऱ्यानं जन्मभर रचलेलं, त्याचं नाव असलेलं एकमेव काम, दुसऱ्या बाजूला अर्धं वाळलेलं झाड. खातं पोलीस घेऊन जाऊन कट्टा फोडू शकलं असतं. कायद्यात तशी सोय आहे. पण त्यानंतर त्या गल्लीत एकही माणूस त्या झाडाला पाणी घालायला आला नसता, आणि पाण्याशिवाय ते झाड तसंही गेलं असतं.

“म्याडम, ह्यो कागद बदलून द्या,” बसव्वा म्हणाली.

“देते. कुणाच्या नावानं काढू? गल्लीच्या मंडळाच्या काढते हवं तर.”

“माज्या.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“माज्या नावानं काडा. माल मी कालवलाय. अन् मालकास्नी नोटीस दिली तर त्यांनी काय करावं? वरनं यिऊन फोडावं? मी जिती हाय. मला सांगा, मी काडती.”

इतकी वर्षं मी नोटिसा काढतेय. लोक नाव काढा म्हणून येतात, भावाचं घाला म्हणतात, भाडेकरूचं घाला म्हणतात. माझं घाला म्हणून कुणी आलेलं मला माहीत नाही. नोटीस म्हणजे दंडुका असं आम्ही समजून चाललो होतो. या बाईनं नोटिशीचा खरा अर्थ एका दमात सांगितला. जे बिघडलंय ते नीट करायला ज्याला सांगता येईल, त्याला द्यायचा तो कागद.

मी स्वतः नवीन नोटीस लिहिली. पोच म्हणून तिनं सही केली, कन्नड अक्षरांत, एकेक अक्षर दाबून.

“एक सांगती,” उठताना ती म्हणाली. “मशीन आणायचं न्हाई. त्यांचं काम हातानं झालंय, हातानंच निघू द्या.”

“मशीन मीच आणू दिलं नसतं. हादऱ्यानं मुळं तुटतात.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं माझ्याकडे जरा बरं बघितलं.

कट्टा काढायचा ठरला तेव्हा ऊन चढायच्या आत सगळी गल्ली हजर होती. पहारी, छन्न्या, हातोडे. गिरणीवाला आला, देवदत्त सर डोक्याला उपरणं बांधून आले. बसव्वानं आधी दोन्ही झाडांना हळदकुंकू वाहिलं, मग हातोडा मागून घेतला आणि वरच्या पहिल्या टाइलवर मारला. टाइल फुटली नाही. तिच्या हातात जोर कुठला? तिनं हातोडा गिरणीवाल्याला दिला. त्याच्या घावानं फुटली.

टाइल्स निघाल्या, पण त्याखालचं सिमेंट दाद देईना. नंदूच्या तळहाताला फोड आले. गिरणीवाला घाम पुसत म्हणाला, “शिवयोगीअण्णांनी बांधलेलं सहजासहजी निघतंय व्हय.” आणि बसव्वा हसली. रडत हसली म्हणा. “बगा की,” ती सगळ्यांना म्हणत होती, “बगा कसं काम हाय.” एकेक फरशी निघाली की ती हात फिरवून बाजूला रचायला लावत होती, आणि निघत नसली की तिला अभिमान वाटत होता. आपल्या माणसाचं काम आपल्याच नोटिशीनं फोडताना ते किती पक्कं होतं ते कळत राहणं, हे सोसायला फार मोठं काळीज लागतं. ते तिच्यापाशी होतं.

दुपार होता होता बुंधा उघडा झाला. साल काळी पडलेली, ओली, बोट लावलं की भुगा होत होता. दोन मुळं कट्ट्याच्या आतल्या भिंतीला लागून गोल फिरली होती. बाहेर पडायला वाट शोधत गेलेली आणि न मिळून पुन्हा मागे वळलेली. मला काही बोलायची गरज राहिली नाही आणि त्याचं मला बरंच वाटलं.

बसव्वा खाली उतरली. मुळावर हात ठेवून ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. मी सरांकडे बघितलं.

“म्हणतीये, आता उघड्यावर आलीस, ऊन लागंल, थोडी कळ काढ,” सरांनी सांगितलं.

बुंध्याभोवती आम्ही माती मोकळी केली, शेणखत मिसळलं, पालापाचोळा पसरला. कुजकी साल साफ करून ती जागा वाऱ्याला मोकळी ठेवली. नाव कोरलेली फरशी शेवटी राहिली. ती कुठं ठेवायची हे कुणी विचारेना. बसव्वा म्हणाली, घरी नेते, पण तिच्या खोलीत ती फरशी उभी करायलाही जागा नव्हती.

देवदत्त सर म्हणाले, “माझ्या कंपाउंडच्या भिंतीत बसवू, झाडाकडे तोंड करून. ही भिंतही शिवयोगीअण्णांचीच आहे. तेव्हा त्यांनी नाव घालू का विचारलं असतं तर आमच्या वडलांनी घालू दिलं नसतं.” मग फरशीवरची धूळ पुसत म्हणाले, “मीही दिलं नसतं.”

फरशी भिंतीत बसली. सर प्रामाणिक माणूस, त्यांनी अर्ज मात्र मागे घेतला नाही. “झाड पडलं तर माझ्या घरावर पडणार, मॅडम,” ते म्हणाले. “बघू, काय होतंय.” मी मान डोलावली. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही.

पुढचे दोन महिने मी ती गल्ली टाळून मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जात होते. धोकादायक फांद्या आम्ही काढल्या होत्या, त्यामुळे नवरी आणखीच बोडकी दिसत होती. उरलेल्या हिरव्या बाजूचीही पानं पिवळी पडून गळायला लागली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, कट्टाही गेला आणि झाडही जाणार, खात्याच्या नादाला लागून म्हातारीनं दोन्ही घालवलं. नंदूनं हे मला सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. ओरडण्याचं कारण एवढंच की रात्री पडल्या पडल्या मीही तेच म्हणत होते. उशीर झाला असेल तर? कायद्यात बसतं ते सगळं केलं, आणि कायद्यात बसूनही झाड मरू शकतं.

एकदा मनाचा हिय्या करून गेले. बसव्वा बुंध्याशी उकिडवी बसून पाणी घालत होती. पाणी मातीत जिरत होतं, बुडबुडे येत होते. पूर्वी ती कट्ट्यावर बसायची, आता बसायला काही नव्हतं.

“लोक बोलत असतील तुम्हाला,” मी म्हणाले.

“बोलत्यात की. बोलू द्या.” तिनं तांब्याच्या तळाचं पाणीही निथळून घातलं. “पाणी पोचतंय. त्येवढं मला दिसतंय. फुडचं तिचं ती बघंल.”

श्रावणात सकाळी सकाळी देवदत्त सरांचा फोन आला. शिक्षकी आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून ते म्हणाले की कडुनिंबाच्या वाळक्या अंगाला, मुख्य खोडावर, तीन ठिकाणी तांबडी पालवी दिसत आहे, आपण पाहणीस यावे. मी चप्पल बदलायलाही थांबले नाही. पालवी होती. झाड पूर्ण सावरलेलं नाही, वाळक्या अंगाच्या जुन्या फांद्या कायमच्या गेल्या आणि त्या परत यायच्या नाहीत. पण साल कडेनं भरून येत होती, आणि खोडावरचे ते कोंब वितीएवढे झाले होते. सरांनी त्याच दिवशी कार्यालयात येऊन अर्ज मागे घेतला. तोडायचा अर्ज मागे घ्यायला माणूस येतो हे नंदूला खरं वाटेना. त्यानं त्यांना चहा पाजला.

इथं गोष्ट संपली असं मी धरून चालले होते. दसरा झाल्यावर बसव्वा परत आली.

या वेळी तिच्यामागे एक धिप्पाड माणूस होता, साठीचा, पांढऱ्या मिश्या, कापडाच्या गिरणीत पहारेकरी होता म्हणे. नाव मानसिंग. एवढा मोठा माणूस, पण हातातली टोपी चुरगळत दारातच उभा राहिला.

“ह्येला नोटीस द्या,” बसव्वा म्हणाली.

“का? काय केलं यांनी?”

“ह्येच्या दारात वड हाय. त्याला बी गळ्यापतूर सिमेट हाय. मी जाऊन बघून आले.”

“म्हणजे तुमची तक्रार आहे यांच्यावर?”

“तक्रार कशाची? त्यालाच पायजे नोटीस.”

मी मानसिंगकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्याला जमत नव्हतं.

“कट्टा आईनं बांधून घेतलाय, मॅडम,” तो म्हणाला. “वडाची पानं चाललीत. मी फोडतो म्हटलं तर घरात कोणी हात लावू देत नाही, आईची आठवण म्हणतात. सरकारी कागद असला की मला बोलता येईल. फक्त एक करा. आईचं नाव घालू नका. माझं घाला.”

मी कोरी नोटीस पुढं ओढली. नंदू लिहून देतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि व्याख्येपाशी आले. बसव्वानं माझ्या हाताकडे बघितलं. मराठी तिला वाचता येत नाही, पण कागदावर कुठं काय असतं ते तिला आता ठाऊक होतं. ती मानसिंगकडे वळली आणि त्याला समजावून सांगू लागली.

“ऐक. जाळणं, कापणं, न्हायतर कसली बी इजा करणं, ह्या समद्याला झाड तोडणं म्हनत्यात. जीव लावून केलं तरी.”

शेवटचं वाक्य कायद्यात नाही. मी ते नोटिशीत घातलं आणि खाली सही केली.